चार गिअर आणि एक गुडघा

गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्यात पांढरी फॉर्च्युनर शिरली की लोक आधी काचेतून आत वाकून बघतात, कोण पुढारी आलाय म्हणून. आत मी असते. मागच्या सीटा दुमडलेल्या, त्यावर नारळांची पोती, एखादा केळीचा घड, आणि पायाशी विळा. मग ते हसतात आणि मीही हसते. आठ वर्षं झाली, तरी हा खेळ संपत नाही.

ही गाडी मी २०१७ मध्ये जुनी घेतली. २०१२ चं मॉडेल, ६८ हजार किलोमीटर झालेली, साडेतेरा लाखांत. आज काटा १ लाख ६२ हजारांवर आहे. गाडीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते तिच्या पोटातल्या एकाच वस्तूबद्दल. चार गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. जुन्या बाजारात ही फोर बाय टू ऑटोमॅटिक दिसली की विकणारा आवाज खाली आणतो आणि घेणारा नाक मुरडतो. "चारच गिअर?" माझा भाचा अजून असंच विचारतो. त्याच्याकडे नवी फॉर्च्युनर आहे, २०१६ च्या शेवटी आलेल्या पिढीतली, सहा गिअरांची.

आधी गुडघ्याचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. २०१६ मध्ये डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चाला, जिने चढा, पण क्लच दाबणं कमी करा. आमच्याकडे तेव्हा पिकअप होती, तिचा क्लच म्हणजे रगडा ढकलल्यासारखा. कुळागरातून, म्हणजे आमच्या पोफळी-नारळाच्या बागेतून, फोंड्याला सुपारी, आठवड्यातून एकदा म्हापशाला, महिन्यातून एकदा बेळगावला लेकीकडे. क्लच कमी करायचा म्हणजे घरी बसायचं. नवरा म्हणाला, ड्रायव्हर ठेवू. मी म्हटलं, ड्रायव्हर ठेवला तर तो मला घाई करणार. ऑटोमॅटिक बघू.

छोट्या ऑटोमॅटिक गाड्या बघितल्या. बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. आमच्या घराकडे येणारा चढ तुम्ही पाहिला नसेल. तांबड्या मातीचा, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा बांध, पावसात त्यावरून पाटाचं पाणी वाहतं. मागे तीन क्विंटल माल भरून त्या चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. हे पिकअपमुळे मला ठाऊक होतं, ती मागच्या चाकांची. वजन मागे पडलं की मागची चाकं जमीन धरतात. म्हणून मला हवी होती मागच्या चाकांची ऑटोमॅटिक. तेव्हा जुन्या बाजारात माझ्या आवाक्यात अशी एकच सापडली.

माहितीसाठी: पहिली फॉर्च्युनर भारतात २००९ मध्ये आली तेव्हा फक्त मॅन्युअल आणि फोर बाय फोर होती. २०१२ च्या सुरुवातीला तोंड बदलून आली, त्यात ही फोर बाय टू ऑटोमॅटिक मिळू लागली. इंजिन तेच, तीन लिटरांचं डिझेल, ताकद १७१ पीएस, टॉर्क म्हणजे पिळाचा जोर ३४३ न्यूटन मीटर. गिअरबॉक्स आयसिन या जपानी कंपनीच्या ए ३४० या कुळातला. हे कूळ १९८० च्या दशकातलं. टोयोटाच्या सुप्रापासून हायलक्सपर्यंत याचे भाऊबंद बसलेत, आणि अमेरिकेतल्या जीप चेरोकीत १९८७ पासून हाच एडब्ल्यू ४ या नावाने होता. म्हणजे मी २०१७ मध्ये गाडी घेतली तेव्हा हा गिअरबॉक्स तीस वर्षांचा म्हातारा होता. भाचा याला "आजोबा" म्हणतो. मला त्यात वाईट काही वाटत नाही. आमचा पाट त्याहून जुना आहे आणि अजून पाणी देतो.

आता चालवायला कसा आहे.

सुरुवात मऊ. ब्रेकवरून पाय काढला की गाडी आपणहून सरपटते, रेस न देता. याचं महत्त्व मला कळलं वळवईच्या फेरीबोटीवर. बेळगावला जाताना मी वळवईहून फेरी घेऊन पलीकडे सुर्ल्याला उतरते, मग साखळी, केरी आणि चोर्ला घाट. भरतीला रॅम्प जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला चांगलाच उभा. पुढे दुचाकींची दाटी, मध्ये कोणाची तरी मासळीची टोपली, आणि खलाशी हाताने सांगतो, "येऊं दी, येऊं दी, बस!" पिकअपमध्ये त्या रॅम्पवर माझा डावा पाय थरथरायचा, क्लच अर्धा, रेस थोडी, हँडब्रेक हातात. ह्या गाडीत मी ब्रेकवरचा पाय बोटभर सोडते, ती बोटभर चढते. खलाशाने हात वर केला की दाबते. एकदा त्याने मला विचारलंही, "बाय, ही गाडी दोरीने ओढता काय?"

ते सरपटणं येतं टॉर्क कन्व्हर्टरमधून. क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक डबा. लहानपणी आम्ही पन्हळीखाली पोफळीच्या पोयीचं, म्हणजे झावळीच्या रुंद देठाचं, चक्र धरायचो, पाणी पडलं की ते गरगरायचं. इथेही तसंच, फक्त पाणी फेकणारं चाक इंजिनाला जोडलेलं आणि ते झेलणारं चाक गिअरबॉक्सला. इंजिन हळू फिरलं तर तेल हळू फेकलं जातं, तुम्ही ब्रेक दाबून थांबू शकता, काही तुटत नाही. मधे एक तिसरं छोटं चाक परतीचं तेल वळवून पुन्हा कामाला लावतं, त्यामुळे उठताना जोर वाढतो. पण तेल म्हणजे घसरण, घसरण म्हणजे उष्णता आणि वाया गेलेलं डिझेल. म्हणून वेग जमला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चाकं घट्ट धरतो आणि तेलाचा खेळ थांबतो. हा लॉक-अप लक्षात ठेवा, पुढे त्यानेच मला रडवलं.

गिअरांचं गणित, म्हणजे गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं, ते साधारण असं आहे: पहिला २.८०, दुसरा १.५३, तिसरा सरळ १, चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा दांडा जास्त फिरतो, ०.७ च्या आसपास. हे आकडे म्हणजे किस पाडणं वाटेल, पण गाडीचा सगळा स्वभाव यातच आहे. पहिल्या आणि दुसऱ्यात केवढी दरी आहे बघा. सपाट रस्त्यावर ती जाणवत नाही, इंजिनात दम आहे. चोर्ल्यात जाणवते. केरी सोडून घाट लागला, समोर वाळूचा ट्रक, वळण संपलं आणि तुम्ही रेस दाबली, की एक क्षण काहीच घडत नाही. मग "घोंऽऽ" करून इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या पुढे जातो, आवाज येतो पिठाच्या गिरणीसारखा, आणि मग गाडी निघते. हा एक क्षण ओव्हरटेक करताना मोठा असतो. भाच्याची सहा गिअरांची तेवढ्यात ट्रकाच्या पुढे गेलेली असते.

याला माझा उपाय सोपा आहे. ट्रकाच्या मागे पोचायच्या आधीच गिअरची दांडी खाली ओढते. गिअर आधीच खाली आलेला, इंजिन जागं, मग जागा दिसली की जायचं. जागा दिसली नाही तर नाही जायचं. बेळगावला पंधरा मिनिटं उशिरा पोचल्याने माझ्या लेकीने अजून मला घराबाहेर ठेवलेलं नाही.

उतारावर मात्र ही सवय सोयीची नाही, सक्तीची आहे. ऑटोमॅटिकची दांडी नेहमीच्या डी मध्ये (ड्राइव्ह) ठेवून चोर्ला उतराल तर गाडी पावणेदोन टनांची आहे हे लगेच कळेल. चौथ्यात इंजिन काही अडवत नाही. पहिल्याच महिन्यात मी तशी उतरले, केरीच्या चेकनाक्यावर थांबले तर पुढच्या चाकांतून जळका वास. नाक्यावरच्या पोलिसानेच सांगितलं, गिअर खाली घाला. तेव्हापासून घाटमाथ्यावर दांडी खाली, आणि ब्रेक फक्त वळणापुरता.

सपाट रस्त्यावर ही गाडी राणी आहे. शंभराच्या वेगात चौथा, लॉक-अप बसलेला, काटा दोन हजारांच्या आसपास, आणि आत बोलता येतं, ओरडावं लागत नाही. फोंड्याहून मडगावला जाताना बोरीच्या पुलावर रांग लागते, पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असताना तर विचारूच नका. त्या रांगांत मी ब्रेक सोडत-धरत बसते आणि शेजारच्या मॅन्युअलवाल्याचा डावा गुडघा मनातल्या मनात मोजते. डिझेल मात्र पितो हा म्हातारा. मला लिटरमागे साधारण साडेनऊ किलोमीटर मिळतात, रांगांच्या दिवशी आठ. भाच्याला अकराच्या वर मिळतात. हा फरक खरा आहे, झाकून काय करायचं.

एक गोष्ट पहिल्या आठवड्यात मला बिघाड वाटली होती. सकाळी गाडी काढली की घरापासून पहिले दीड-दोन किलोमीटर ती चौथा घालतच नाही, तिसऱ्यातच घोंगावते. मी घाबरले. मग कळलं की इंजिनाचं पाणी पुरेसं तापेपर्यंत या कुळातले गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्ह घालत नाहीत, ते मुद्दामच. थंड सकाळी आमचा गडीही पहिल्या पोफळीवर हळूच चढतो.

आता रडकथा.

२०२१ च्या पावसात, गाडी ९८ हजारांवर असताना, फोंडा-पणजी रस्त्यावर ६५ ते ७५ च्या दरम्यान थरथर सुरू झाली. जोरात रेस दिली की नाही, रेस सोडली की नाही, पण एकसारख्या हलक्या पायाने चालवलं की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत घर्रऽऽ. रस्त्यावर रबरी पट्ट्या ठोकलेल्या असतात ना, त्यांवरून गेल्यासारखं, दोन-तीन सेकंद, मग बंद. टायर असतील म्हणून टायर बॅलन्स केले. फरक नाही.

गेले एका वर्कशॉपात. नाव सांगत नाही, कुठलं तेही नाही. काचेचं दार, एसी, कॉफीचं मशीन. तिथल्या मुलाने गाडी एक फेरी मारून आणली, कॉम्प्युटर लावला, आणि म्हणाला, "मॅडम, गिअरबॉक्स संपला. आख्खा बदलावा लागेल." किती? अडीच लाखांच्या वर. मी विचारलं, तेल बदलून बघूया? तो म्हणाला, "याचं तेल लाइफटाइम असतं, ते बदलत नाहीत. आता बदललं तर उलट बिघडेल." मी विचारलं, कोणाची लाइफ? गाडीची की तेलाची? त्याला ते आवडलं नाही.

नवऱ्याने सुचवलं म्हणून फोंड्याजवळ कुर्टीला एका मेस्त्रीकडे गेले. पत्र्याची शेड, भिंतीवर श्री अनंताचा फोटो, खाली काळा कुत्रा झोपलेला. मेस्त्री साठीचा, तरुणपणी आखातात मोठ्या जीपांवर काम करून आलेला. तो माझ्या शेजारी बसला, म्हणाला चालवा. बायपासला ७० ला थरथर आली. तो कोंकणीत म्हणाला ते मराठीत सांगते: "वहिनी, रेस तशीच ठेवा, आणि डाव्या पायाने ब्रेक नुसता शिवा. दाबू नका. लाल दिवा लागेल एवढाच." मी शिवला. थरथर त्याच क्षणी बंद. पाय काढला, परत आली. पुन्हा शिवला, बंद.

"लॉक-अप," तो म्हणाला. "ब्रेकला पाय लागला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. सोडल्यावर थरथर जाते म्हणजे टायर नाही, शाफ्ट नाही, गिअर नाहीत. लॉक-अपचा क्लच बसताना कुडकुडतो. तेल मेलंय."

एवढी साधी परीक्षा, कॉम्प्युटर न लावता, एका डाव्या पायाने. माझा गुडघा एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ऑटोमॅटिक गाडीत कामाला आला.

शेडमध्ये गाडी वर चढवली, खालचा बोल्ट काढला. तेल लाल असायला हवं, जास्वंदीच्या पाण्यासारखं. बाहेर आलं ते काकवीसारखं, तपकिरी-काळं, आणि वास करपलेल्या डाळीचा. मग त्याने खालचा पॅन उतरवला. आत चार कोपऱ्यांना लोहचुंबकाचे तुकडे असतात, त्यांवर राखाडी लोणी जमलं होतं. मेस्त्रीने ते बोटाने चोळून माझ्यासमोर धरलं. "हे बघा. चिखल आहे, खडा नाही. चिखल झिजेचा, तो असतोच. खडे किंवा सोनेरी चुरा दिसला असता तर मी तुम्हाला परत त्या काचेच्या दारात पाठवलं असतं." आतली जाळी काढून धुतली, पॅन पुसला, नवीन गॅस्केट घातलं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बोल्ट काढून निघतं ते तेल एका वेळी तीन लिटरांच्या आसपास. त्याहून जास्त तेल वर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून राहतं, कारण कन्व्हर्टर खालून उघडत नाही. एकदाच बदललं म्हणजे काळ्या कढीत पेलाभर लाल सोलकढी ओतल्यासारखं. म्हणून मेस्त्रीने तीनदा केलं. बदलायचं, चार-पाचशे किलोमीटर चालवायचं, पुन्हा बदलायचं. दुसऱ्या वेळी तेल चहासारखं निघालं, तिसऱ्या वेळी कोकमासारखं. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच जातीचं. यावर तो अडून बसला. दुकानदार म्हणाला, हे चालेल, ते चालेल, सगळं लालच. मेस्त्री म्हणाला, लाल तर कुंकूही आहे.

पातळी तपासायची ती इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना, दांडी सगळ्या गिअरांतून एकदा सावकाश फिरवून. थंड गाडीवर बघाल तर फसाल. जास्त झालं तर फेस येतो, कमी पडलं तर पंप हवा ओढतो, दोन्ही वाईट.

पहिल्या बदलीनंतर थरथर निम्मी झाली, दुसरीनंतर कधीमधी, तिसरीनंतर गेली. पुन्हा आली नाही. खर्च तिन्ही वेळचं तेल, गॅस्केट, मजुरी मिळून साडेचौदा हजार. अडीच लाखांपुढे हा आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हा नवरा म्हणाला, उरलेल्यात विहीर उपसूया. उपसली.

त्याच वेळी आणखी एक दुखणं सापडलं. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला पुढे रेडिएटरपर्यंत लोखंडी नळ्यांतून जातं आणि परत येतं. आधीच्या मालकाने गाडी पाच वर्षं कोलव्याला समुद्राच्या तोंडावर उघड्यावर ठेवली होती. जिथे नळी क्लिपने चेसिसला धरलेली, तिथे क्लिपच्या खाली खारं पाणी साचून गंज चढला होता, एका ठिकाणी नळी घामाघूम, तेलाची बारीक ओल. मला त्या ओलीचा डाग अंगणात कधीचा दिसत होता, पण मी समजले पॉवर स्टिअरिंगचं तेल. तेही लालच असतं या गाडीत. फरक कसा ओळखायचा? मेस्त्रीने सांगितलं, डाग कुठे पडतो ते बघा आणि स्टिअरिंगच्या डबीतली पातळी बघा. डबी भरलेली आणि जमिनीवर लाल, म्हणजे गिअरबॉक्स रडतोय. त्या नळ्या दोन्ही बदलल्या. गोव्यात किनारपट्टीची जुनी ऑटोमॅटिक घेत असाल तर इंजिन ऐकायच्या आधी खाली वाका आणि क्लिपांखाली बोट फिरवा.

आणखी एक प्रसंग, याने गिअरबॉक्स खरंच मेला असता. दोन वर्षांपूर्वी बेळगावहून येताना कणकुंबीला चहाला थांबलो, निघताना बॅटरी गप्प. पिकअप असती तर चार माणसांनी ढकलली असती. ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, कारण इंजिन बंद तर आतला तेलाचा पंप बंद, पंप बंद तर आतले क्लच पकडणारच कशाने? एवढं मला ठाऊक होतं. पण मग एक टेम्पोवाला दोर घेऊन आला, म्हणाला बांधतो, केरीपर्यंत ओढत नेतो, दांडी न्यूट्रलला ठेवा. घाट उतरून. मागची चाकं जमिनीवर फिरणार म्हणजे गिअरबॉक्सची मागची बाजू फिरणार, आणि पंप बंद असल्याने तेलाचा थेंब नाही. मागच्या चाकांची ऑटोमॅटिक अशी लांब ओढायची नसते. मागची चाकं उचलून किंवा आख्खी गाडी ट्रकावर. मी नको म्हटलं. तो रागावला, "बायकांना गाडीतलं काय कळतं" वगैरे. शेवटी एका खडीच्या ट्रकवाल्याने केबल लावून बॅटरीला जीव दिला. आणि दांडी पी मधून (पार्किंग) निघत नव्हती तेव्हा तिच्या शेजारचं छोटं झाकण किल्लीने उचकटून आतली कळ दाबायची असते, हेही त्यानेच दाखवलं. त्याला मी दोन नारळ दिले. टेम्पोवाला अजून तिथेच उभा होता, त्यालाही एक दिला.

चिखलाचं राहिलं. ही फोर बाय टू आहे, चारही चाकं हिला नाहीत, नावावर जाऊ नका. श्रावणात रिकामी गाडी आमच्या चढावर मागून घसरते, शेपूट हलवते. पण मागे माल असला तर शांतपणे चढते, कारण ताकद तेलातून येते, झटक्याने नाही. मॅन्युअलमध्ये क्लच जरा लवकर सुटला की चाक फिरलंच. मी रेस दिल्यासारखी करते आणि न दिल्यासारखी करते, ती चढून जाते. रिकामी असेल तर मागे दोन पोती वाळू. चिखलात रुतलीच तर उगाच रेस देत बसू नका, तेल तापतं. खाली फांद्या घाला.

मग घ्यावी का? तुम्ही पणजीत राहता, रस्ते डांबरी, डिझेलचा हिशोब ठेवता, तर भाच्याची सहा गिअरांची घ्या, किंवा काहीही घ्या. पंचवीस वर्षांचे असाल आणि घाटात ट्रक मोजत बसायचं नसेल, तरी ही नको. पण माल, चढ, फेरी, आणि एक दुखरा गुडघा असेल, आणि दर चाळीस हजारांना तेलासाठी पैसे काढायची तयारी असेल, तर हा म्हातारा घ्या. घेताना तेल दाखवायला सांगा, पांढऱ्या कागदावर थेंब टाका, वास घ्या. मग ७० वर एकसारख्या पायाने चालवा आणि ब्रेकला डावा पाय शिवून बघा.

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी भाचा आला. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या छताचं, सामान त्याच्या घरी न्यायचं होतं, सुपारीचे घड, नारळाची पेंड, तवसं, निरफणस, आणि त्याच्या गाडीची सीट नवी लेदरची. "मावशी, आजोबांना घेऊन जाऊ?" म्हणाला. किल्ली दिली. रात्री गाडी परत आली तेव्हा काच खाली करून आधी हेच बोलला, की वळवईच्या रॅम्पवर खलाशाने त्यालाही विचारलं, दोरीने ओढता काय. मग म्हणाला, तुझं तेल कधी बदलायचंय? मी गाडीतला पुढचा खण उघडून दाखवला. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी आहे, मेस्त्रीच्या अक्षरात: १,७८,०००. त्याने स्वतःच्या गाडीचं पुस्तक काढून बघितलं, आणि मला कुर्टीच्या शेडचा रस्ता विचारला.